काकांची डिकी आणि तीन बिजागऱ्या: कामाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

काकांच्या डोक्यात परत डिकीचं झाकण पडलं. यावेळी चोर्ला घाटाच्या चढावर, पॅसेंजरची बॅग काढताना. टाके नाही पडले, लिंबाएवढं टेंगूळ आलंय आणि तोंडातनं ज्या काय शिव्या बाहेर पडल्या त्या इथं लिहीत नाही. काका बेळगाव-गोवा लाईनवर भाड्याची गाडी चालवतात, केए-२२ पासिंगची जुनी सेदान, इंजिन अजून खणखणीत, चुलतभावानं हौसेनं लावलेले निळे दिवे, स्पॉयलर (मागच्या टोकाचा शोभेचा पंख), मागच्या काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद, सगळं जागेवर आहे, फक्त झाकणाचं हे दुखणं मागच्या पावसाळ्यापासनं लागलंय. गंमत अशी की घरासमोर उघडलं तर तासभर उभं राहतं, बाहेर कुठंतरी दगा देतं. इतके दिवस टेकू द्यायला डिकीत एक वेळूची काठी होती, ती फोंड्यात कुठंतरी राहिली.

रात्री जेवताना काका म्हणाले, "तू उद्यमबागेत एवढी जिग फिक्स्चर करतोस न्हवं, मग घरच्या गाडीचं एक झाकण तुला नीट करायला येईना व्हय?" उद्यमबाग म्हणजे बेळगावची कारखान्यांची वसाहत, तिथल्या शॉपमध्ये मी काम करताना वस्तू पकडून ठेवायची साधनं, म्हणजे जिग फिक्स्चर, बनवतो. आता यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. नुसतं दुरुस्त करून सोडायचं नाही, डिकीच्या बिजागऱ्या किती तऱ्हेच्या असतात आणि कुठली का वापरतात ते एकदा हातानं मोजून बघायचं ठरवलं. वही काढली.

१२ जून, बुधवार

दोन दिवस येता-जाता लोकांच्या डिक्या बघतोय. कारखान्याच्या पार्किंगमध्ये वॉचमनला वाटलं मी स्टेपनी चोरायला आलोय. बघून एवढं कळलं की सेदानच्या डिकीत मुळात दोनच घराणी आहेत.

एक वाकड्या दांडीचं. झाकणाखाली दोन्ही बाजूला हंसाच्या मानेसारखी वळलेली जाड दांडी, तिचं एक टोक झाकणाला बोल्टनं आणि दुसरं आत मागच्या सीटच्या पाठीमागे, पार्सल ट्रेच्या (मागच्या काचेखालच्या फळीच्या) खाली एका पिनवर. नावही गूजनेक. वाकडी कशाला, तर पिन आत खोल आहे आणि झाकण वर जाताना मधे बॉडीची कड येते, जिच्यावर बिडिंगचं रबर बसतं ती, तिला वळसा घालूनच दांडीला बाहेर यायचं असतं, सरळ ठेवली तर जाऊन धडकेल. झाकण लावलं की हाच वळसा खाली सामानात उतरतो.

दुसरं चार दांड्यांचं, म्हणजे फोर बार. बॉडीला एक पट्टी, झाकणाला एक पट्टी, आणि दोघींना जोडणाऱ्या मधे दोन दांड्या. बंद झाल्यावर हे सगळं कडेच्या पन्हळीत घडी होऊन पडतं, आत काहीच येत नाही. हे मोठ्या महागड्या गाड्यांत जास्त दिसतं, सोबत गॅसचा शॉकअप, म्हणजे झाकण वर ढकलणारी गॅस भरलेली नळी. ऑक्टाव्हियासारख्या गाडीत तर मागच्या काचेसकट सगळं वर जातं, ती वेगळीच जात, ती या वहीत घेत नाही.

आमच्या शॉपमधले फिटर मामा म्हणतात यात काय बघायचं, फोर बार ती चांगली, वाकडी ती स्वस्तातली. मलाही तसंच वाटत होतं, अजून वाटतंय.

१६ जून, रविवार

भंगारात गेलो. मी "एष्ट्री?" म्हणून कानडीत सुरुवात केली, तो मराठीत उत्तर देतोय, मी परत कानडीत, शेवटी दोघंही हिंदीवर आलो, आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. घेतलं काय: काकांच्याच मॉडेलचं एक अख्खं झाकण, त्याच्या दोन्ही वाकड्या दांड्या आणि टॉर्शन रॉडसकट (पीळ देऊन बसवलेले गज, तेच झाकण वर ढकलतात). एका दुसऱ्या गाडीच्या वाकड्या दांड्या, ज्यांना रॉड नाही, शॉकअप आहे. आणि एका मोठ्या सेदानची फोर बारची जोडी. सगळं मिळून २३०० रुपये, त्यातले ३०० नुसत्या घासाघिशीत वाचवले.

टॉर्शन रॉड काढताना मात्र फजिती झाली. हे दोन लांब स्प्रिंग स्टीलचे गज डिकीच्या आडव्या रुंदीत एकमेकांवरनं जातात, डाव्या बिजागरीचा गज उजव्या बाजूला अडकवलेला आणि उजवीचा डाव्या. शेवटाला बॉडीवर खाचा असतात, रॉडचं वळलेलं टोक त्यातल्या एका खाचेत दाबून बसवलेलं. झाकण पूर्ण उघडं असलं तरी गज सुटा नसतो, पीळ शिल्लक असतो, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. टोकाला पाइप घालून खाचेतनं उचलायला गेलो, पाइप निसटला, माझी बोटं पत्र्यावर. दोन बोटांची साल निघाली. भंगारवाल्यानं हळद आणून दिली आणि परत शंभर रुपये वाढवून मागितले नाहीत, चांगला माणूस.

ज्यांना हे करायचंय त्यांनी आधी झाकणाला टेकू द्या, पाइप लांब घ्या, आणि तोंड त्या रेषेत आणू नका.

२३ जून, रविवार

शॉपच्या मागच्या शेडमध्ये ४० च्या अँगलची चौकट वेल्ड केली, मालकांना विचारूनच. त्यावर बिजागरीच्या पट्ट्या बदलता येतील अशी भोकं पाडली, म्हणजे एकच झाकण तिन्ही बिजागऱ्यांवर लावून बघता येईल.

झाकणाचं वजन शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर केलं. दुकानदारानं विचारलं याचा किलोचा दर काय. लॉक, नंबरप्लेटची पट्टी, आतलं कव्हर धरून १४ किलो भरलं.

मग वजनाचा मध्य कुठं आहे ते काढायचं. झाकण एका कोपऱ्यातनं दोरीनं टांगलं, त्याच खिळ्याला गवंड्याचा ओळंबा सोडला, ओळंब्याच्या रेषेवर खडूनं रेघ मारली. मग दुसऱ्या कोपऱ्यातनं टांगून परत रेघ. दोन रेघा जिथं कापतात तिथं मध्य. पिनपासनं हा मध्य ४२ सेंटिमीटर आला. म्हणजे झाकण बंद असताना, आडवं असताना, वजनानं पिनवर जो पीळ (फिरवणारा जोर) पडतो तो १४ गुणिले ९.८१ गुणिले ०.४२, झाले ५७.७ न्यूटन मीटर. साध्या भाषेत, एक मीटर लांब काठीच्या टोकाला साधारण सहा किलो टांगल्यासारखं. झाकण वर जाईल तसा मध्य पिनच्या डोक्यावर येत जातो आणि हा पीळ उतरतो: ३० अंशावर ५०, ६० अंशावर बरोबर निम्मा म्हणजे २९ च्या आसपास, ८० अंशावर नुसता १०. ८० ला रबराचा स्टॉपर लागतो.

इथंच मला पहिल्यांदा कळलं की बिजागरीची परीक्षा म्हणजे ती किती ताकद लावते ही नाही. ताकद कुठल्या अंशावर किती आणि ती वजनाच्या उतरत्या पिळाशी जुळते का, ही आहे.

२६ जून, बुधवार

दिवसभर पाऊस, लाईट तीनदा गेली. काही नाही केलं.

३० जून, रविवार

वाकडी दांडी अधिक टॉर्शन रॉड. मोजायची पद्धत अशी: फोनमधलं अंश दाखवणारं ॲप झाकणावर ठेवायचं, झाकणाच्या कडेला (पिनपासनं ८५ सेंटिमीटर) बॅग मोजायचा हुकवाला काटा अडकवायचा आणि झाकण त्या अंशावर धरून ठेवायला किती ओढावं लागतं ते लिहायचं. वर जाताना आणि खाली येताना आकडे वेगळे येतात कारण पिनमध्ये घर्षण आहे, म्हणून दोन्हीचा मध्य धरला.

रॉडची जाडी व्हर्नियर कॅलिपरनं ७ मिलीमीटर, लांबी १.१ मीटर. पोलादाचा पिळाचा जो आकडा असतो तो ७९ गिगापास्कल धरून हिशोब केला तर दोन्ही रॉड मिळून दर अंशाला ०.५९ न्यूटन मीटर देतात. झाकण बंद असताना रॉडला १२० अंशांचा पीळ आहे, म्हणजे ७१ न्यूटन मीटर वर ढकलतायत आणि वजन खाली ओढतंय ५७.७. फरक १३. म्हणूनच लॉक सुटलं की झाकण स्वतःहून टुपकन वर येतं. ३० अंशावर रॉड ५३, वजन ५०, फरक जेमतेम ३. ८० वर रॉड साडेतेवीस, वजन १०, म्हणजे परत भरपूर.

काट्यावर आलं ते असं: बंदजवळ १.६ किलो वर ढकलतंय, ३० ला ४०० ग्रॅम, ६० ला ८००, ८० ला परत १.६. हिशोबाला इतकं लागून आलं की मी परत एकदा मोजलं, मलाच विश्वास बसेना.

खरं सांगायचं तर या स्वस्तातल्या म्हणवणाऱ्या वस्तूकडे बघून मला कौतुक वाटलं. वजनाचा पीळ वर जाताना उतरतो, रॉडचा पीळही वर जाताना उतरतो, दोन्ही उतार शेजारी शेजारी चालतात. मधे कुठंतरी दोघं एकमेकांच्या अगदी जवळ येतात, तिथं झाकण हातात कापसासारखं लागतं. ना तेल, ना गॅस, ना सील. दोन गज आणि दोन पिना. फक्त त्या ३० अंशाच्या आसपास गाठीला फार काही नाही, हे वहीत अधोरेखित करून ठेवलं.

फिटर मामांचं म्हणणं काकांच्या गाडीचे रॉड थकलेत. पोलाद असं थकत नसतं मामा, म्हटलं, फार तर कायमचा वाकून बसेल, पण कडकपणा तोच राहतो. हां, कुणी बारीक रॉड घातला असेल तर गोष्ट वेगळी, कारण जाडीचा चौथा घात लागतो, ७ च्या जागी साडेसहा घातला तरी ताकद सव्वीस टक्के जाते. मामा म्हणाले, "पुस्तकातलं नको सांगू, गाडीवर दाखव."

७ जुलै, रविवार

फोर बार. आधी डोक्यात शिरेना म्हणून मुलांच्या वहीचा पुठ्ठा कापला, चार पट्ट्या, चार ड्रॉइंग पिना, मागं थर्माकोल. पट्ट्या हलवून प्रत्येक वेळी झाकणाच्या कडेच्या जागी पेन्सिलनं टिंब. टिंबं जोडली तर गोल कमान आलीच नाही. झाकण आधी सरळ वर उचलल्यासारखं होतं आणि मागाहून कलतं. कारण वाकड्या दांडीत फिरायची जागा एकच, ती पिन. इथं फिरायची जागा म्हणजे दोन दांड्यांच्या रेषा वाढवल्या तर जिथं भेटतील ती, आणि दांड्या हलल्या की ती जागाही सरकते. गाडीत नसलेल्या ठिकाणी, हवेत, झाकण फिरतं. मला हे इतकं आवडलं की आईला बोलवून दाखवलं, ती म्हणाली छान आहे, जेवायला ये.

याचा फायदा: झाकणाची पुढची कड मागच्या काचेजवळच्या पत्र्याला न घासता बाहेर येते, फट बारीक ठेवता येते, आणि आत सामानात काही उतरत नाही.

तोटा चौकटीवर लावल्यावर कळला. एका बाजूला चार रिव्हेट, दोन्ही मिळून आठ सांधे, वाकडीला दोनच. भंगारातल्या जोडीत प्रत्येक रिव्हेटमध्ये नखाएवढाही नाही असा खेळ आहे, पण एकच बिजागरी व्हाइसमध्ये धरून लांब पट्टी लावून हलवली तर ८५ सेंटिमीटरवर टोक सहा मिलीमीटर डावं-उजवं जातंय. तशीच पट्टी वाकडीला लावली तर दोन. लॉक आणि रबर हा खेळ झाकून टाकतात, रस्ता खराब असला की आवाज करतो. आपल्याकडचे रस्ते बघता... जाऊ दे.

शॉकअपचा स्वभावही वेगळा. टॉर्शन रॉड बंद असतानाच सगळ्यात जोरात ढकलतो, शॉकअप बंद असताना जवळजवळ पिनच्या रेषेत झोपलेला असतो, त्याला ओढ असूनही फिरवायला दांडाच मिळत नाही. म्हणून पहिले पंधरा-वीस अंश हातानं उचलायचं, मग तो जागा होतो आणि चाळीसच्या पुढं झाकण हातातनं काढून घेतो. उलट बंद असताना लॉकवर ताण नाही. ज्याला जे आवडेल ते.

१० जुलै, बुधवार

भंगारातल्या शॉकअपवर ३५० न्यूटन छापलंय, म्हणजे दाबायला ३५.७ किलो लागायला हवेत. बाथरूमच्या वजनकाट्यावर उभा धरून दाबला तर २७. गॅस गेलाय. मग रात्री फ्रिजमध्ये भाजीच्या वर ठेवला, सकाळी काढून लगेच दाबला तर सव्वापंचवीस. आत नायट्रोजन असतो, थंड झाला की दाब उतरतो, २५ डिग्रीवरनं ५ वर नेला तर सात टक्के जायलाच हवेत, बरोबर तेवढेच गेले. म्हणजे एप्रिलच्या दुपारी छान उभं राहणारं झाकण डिसेंबरच्या पहाटे मान टाकतं ते याच्यामुळं. रॉडला हे दुखणं नाही.

आणि एक, शॉकअप बसवताना दांडी खाली आणि नळकांडं वर राहील असं बसवायचं, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. भंगारात निम्मे उलटे बसवलेले दिसले.

आईला फ्रिजमधलं प्रकरण कळलंय.

१४ जुलै, रविवार

वाकडी अधिक शॉकअप ही तिसरी तऱ्हा घाईत उरकली. दोन्हीकडचं थोडं थोडं. दांडी आत उतरतेच, वर शॉकअपची जागा. रॉड नसल्यामुळं पार्सल ट्रेखालची जागा सुटसुटीत होते एवढंच.

आता सामान. कंपन्या डिकीचे लिटर मोजताना पाणी ओतत नाहीत, २०० बाय १०० बाय ५० मिलीमीटरचे ठोकळे भरून मोजतात, एक ठोकळा म्हणजे एक लिटर. मी थर्माकोलचे चाळीस कापले, तापलेल्या तारेनं. अख्खी डिकी भरायची नव्हती, फक्त दांड्या जिथं उतरतात त्या दोन कोपऱ्यांत भरायचे, झाकण लावायचं, जे चेपले ते मोजायचे. दोन्ही बाजूचे मिळून २२ चेपले. म्हणजे २२ लिटर.

२२ लिटर म्हणजे फार नाही वाटत. पण काकांचं म्हणणं वेगळं, जागा गेल्याचं दुःख नाही, ती दांडी कुठं उतरते ते पॅसेंजरला दिसत नाही हे दुःख. मागच्या वर्षी लग्नाचं एक कुटुंब मडगावला निघालं होतं, इथनं नेलेले मांडे पुठ्ठ्याच्या खोक्यात, सगळ्यात वर, सगळ्यात जपून, डिकीच्या कोपऱ्यात. झाकण लावलं आणि करर्र झालं. मांडे म्हणजे आधीच कागदाएवढे पातळ. मडगावला खोकं उघडलं तर आत नुसता चुरा आणि त्यावर दांडीचा अर्धगोल. काका म्हणतात त्या बाईंचं तोंड आठवलं की अजून भाड्याचे पैसे परत द्यावेसे वाटतात.

छोट्या सेदानला हे जास्त नडतं. तेव्हा चार मीटरच्या आत गाडी बसवली की एक्साइज कर कमी लागायचा, म्हणून २०१२ ची डिझायर ३९९५ मिलीमीटरमध्ये आणली आणि डिकी ४४० लिटरवरनं ३१६ वर आली. वर सीएनजीची टाकी बसवली की उरलं काय, आणि त्यात या दांड्या. काकांना पुढची गाडी तसलीच घ्यायचीय, मी म्हटलं घ्या, फक्त घेताना एक सुटकेस सोबत न्या.

(मोजामोजीच्या मधे पुतणी गुपचूप डिकीत शिरून बसली. हाकललं. अमेरिकेत १ सप्टेंबर २००१ पासनं बनणाऱ्या गाड्यांच्या डिकीत आतनं उघडायची, अंधारात दिसेल अशी मूठ सक्तीची आहे. आपल्याकडच्या या गाडीत तसलं काही नाही, तेव्हा चावी खिशात.)

२१ जुलै, रविवार

आज सगळं आटपेल असं वाटलं होतं. काकांच्या गाडीतले रॉड काढले, व्हर्नियरनं मोजले, दोन्ही ७. कुणी बारीक घातलेले नाहीत. तरी मामांच्या समाधानासाठी चौकटीवरचे रॉड, ज्यांनी माझ्यासमोर झाकण कापसासारखं उचललं होतं, तेच काकांच्या गाडीत घातले, त्याच खाचेत. ग्रीस केलं. उघडलं, उभं राहिलं. काका खूश.

मग बोटानं ढकलून अर्ध्यावर आणलं आणि सोडलं तर धाडकन खाली. परत केलं, परत धाडकन. तीच बिजागरी, तेच रॉड, तेच मॉडेल. चौकटीवर चालतंय, गाडीवर नाही. मामा काही बोलले नाहीत, नुसता चहा मागवला.

२४ जुलै, बुधवार

रात्री झोप येईना म्हणून हुकवाला काटा घेऊन टॉर्चच्या उजेडात काकांच्या अंगणात. शेजारचे काका गॅलरीतनं, "काय करूलास रे एवढ्या रात्री?" झाकण मोजूलोय म्हटलं. ते आत गेले.

आकडे: बंदजवळ काही ढकलतच नाही, उलट २०० ग्रॅम खाली. ३० ला १.१ किलो खाली. ६० ला जवळजवळ शून्य. ८० ला १.३ वर. म्हणजे सगळीकडे कमी, पण वरच्या टोकाला कमी कमी आणि खालच्या टोकाला जास्त कमी. रॉड ढिले असते तर सगळ्या अंशांना सारखंच कमी झालं असतं. हे तसं नाही, हे वजनासारखं वागतंय.

काटा झाकणाच्या कडेला अडकवायला गेलो आणि माझाच हात स्पॉयलरला लागला. तिथंच उभा राहिलो.

सकाळी सहा वाजता चार बोल्ट काढले. फायबरचा, आत पट्टी आणि बचकभर पुट्टी भरलेली, २ किलो. झाकण १४ किलोचं, त्यात २ म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण झाकणाचं वजन ४२ सेंटिमीटरवर आहे आणि स्पॉयलर बसतो पार टोकाला, पिनपासनं ७५ वर. २ गुणिले ९.८१ गुणिले ०.७५, झाले १४.७ न्यूटन मीटर. ५७.७ मध्ये १४.७ वाढले, म्हणजे पाव हिस्सा. आणि कंपनीनं बंदला राखीव ठेवलेले होते १३. ३० अंशाला तर तीनच.

चुलतभावानं तो मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर बसवला होता. सगळे म्हणत होते पावसामुळं गंज धरला.

२८ जुलै, रविवार

घाटातच का पडायचं तेही निघालं. गाडी चढावर नाक वर करून उभी राहिली की मागं कलते, सहा अंश धरा. घरासमोर ८० वर उभं असलेलं झाकण तिथं जमिनीच्या हिशोबानं ७४ वरच असतं. स्पॉयलरसकट वजनाचा पीळ २०, रॉडचे साडेतेवीस. हातात राहिले साडेतीन, झाकणाच्या कडेला मोजलं तर ४०० ग्रॅम. घाटातला वारा तेवढा असतोच, ट्रकही शेजारनं जातात. एकदा ६० च्या खाली आलं की मधल्या पट्ट्यात आवरायला काहीच नाही. आमच्या घरासमोर जमीन सपाट, म्हणून तिथं शहाण्यासारखं वागायचं.

स्पॉयलर काढून टाकूया म्हटलं. चुलतभाऊ म्हणाला त्याच्याशिवाय गाडी मागनं बोडकी दिसते. काका म्हणाले राहू दे, पोराची हौस आहे. डोकं कुणाचं फुटतंय आणि हौस कुणाची. शेवटी मधला मार्ग: रॉडचं टोक पुढच्या खाचेत. एका खाचेला साधारण १५ अंशांचा पीळ वाढतो, दोन्ही रॉडचे मिळून नऊ न्यूटन मीटर. एकाच बाजूला वाढवून भागतं का पाहिलं, नाही, मधे अजून पडतं, आणि झाकण बंद होताना एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूला केलं.

फोर बार बसवून टाक की, असंही चुलतभावानं सुचवलं. बसवायला पन्हळच वेगळी लागते, पत्रा कापून नवीन शिवावा लागेल आणि वर स्पॉयलरचं वजन तसंच. बिजागरी बदलून वजन कमी होत नाही रे बाबा.

४ ऑगस्ट, रविवार

नवीन आकडे, स्पॉयलरसकट: बंदजवळ ९०० ग्रॅम वर, ३० ला जवळजवळ शून्य (घर्षण धरून ठेवतं, सोडलं तर तिथंच राहतं), ६० ला एक किलो वर, ८० ला २.४. शॉपजवळच्या रॅम्पवर नाक वर करून गाडी लावली आणि वीस वेळा उघडझाप केली, एकदाही पडलं नाही. मामांनी स्वतः चार वेळा करून बघितलं, मग म्हणाले, "स्पॉयलर काढशील तेव्हा खाच परत मागं घे, नाहीतर झाकण उडून तोंडावर येईल." बरोबर आहे, हिशोबात तसंच येतं, बंदला २२. कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलं.

काल काका पणजीला जाऊन आले. झाकण उभं राहतंय, पण आता वरच्या टोकाला स्टॉपरवर ठप्प आवाज करून आपटतं, एका पॅसेंजरच्या हातातली पाण्याची बाटली उडाली म्हणे. स्टॉपरचं रबर कडक झालंय, एका बाजूचं तर तुटलेलंच आहे. नवीन जोडी दुकानात नव्हती, मागवलीय. तोवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन पदरी गुंडाळून तारेनं बांधलाय.